तक्रार नाही म्हणजे अन्याय नाही काय?

मी मराठी शिकवतो. तर्कशास्त्र हा माझा विषय नव्हे आणि विद्यार्थिदशेत तो माझ्या वाट्याला आलाही नाही. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिलाच. कोणते विषय घ्यावेत हे सांगणारे घरात कोणी नव्हते. प्रवेशाच्या खिडकीमागच्या कारकुनाने अर्जावर जे विषय लिहून दिले तेच मी शिकलो. असे असूनही गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयातील पंधरावीस मुलामुलींनी विधी शिक्षणाच्या प्रवेशपरीक्षेसाठी संध्याकाळचा वर्ग घेण्याचा आग्रह धरला, तेव्हा मला नाही म्हणवले नाही. शहरातल्या शिकवणीचे शुल्क भरण्याची त्यांची ऐपत नाही. ‘सर, तुम्ही वाचा आणि आम्हांला सांगा,’ एवढीच त्यांची मागणी होती. म्हणून मी वाचू लागलो आणि वाचता वाचता ‘युक्तिवादातील दोष ओळखा’ ह्या प्रकारच्या प्रश्नांपाशी अडकलो. ह्या प्रश्नांविषयी आपल्या चळवळीतील मासिकांतून काही लिहिले गेल्याचे माझ्या वाचनात नाही. परीक्षेच्या मार्गदर्शिकांपुरता हा विषय आहे असे आपण धरून चाललो आहोत. प्रस्तुत लेखकाला तसे वाटत नाही.

पहिल्या दिवशी मी स्वतः रचलेला एक प्रश्न फळ्यावर लिहिला. तो असा: एका गावचे सरपंच म्हणतात, ‘आमच्या गावात जातिभेद उरलेला नाही. गेल्या दहा वर्षांत आमच्या गावातून पोलीस ठाण्यात ॲट्रॉसिटीची एकही तक्रार गेलेली नाही.’ ह्या युक्तिवादातील दोष कोणता? खाली चार पर्याय दिले. अ: सरपंच वरच्या जातीचे आहेत, म्हणून त्यांचे म्हणणे ग्राह्य धरता येत नाही. ब: महाराष्ट्रातील अनेक गावांत आजही जातिभेद आहे, ह्या वस्तुस्थितीकडे दुर्लक्ष केले आहे. क: एखाद्या गोष्टीची नोंद नाही, हाच ती गोष्ट घडली नसल्याचा पुरावा मानला आहे. ड: एका गावावरून सगळ्या राज्याविषयी निष्कर्ष काढला आहे.

अर्ध्याहून अधिक मुलांनी ‘अ’ निवडला. उरलेल्यांपैकी बहुतेकांनी ‘ब’. ‘क’ म्हणणारी मुले तीन. परीक्षेच्या दृष्टीने उत्तर ‘क’ आहे, आणि केवळ परीक्षेच्याच दृष्टीने नव्हे. परंतु मुलांनी ‘अ’ का निवडला हे मला समजत होते. मीही त्यांच्या वयात तोच निवडला असता. किंबहुना पुढे सांगणार आहे त्याप्रमाणे, त्यांच्या वयात नसतानाही मी तोच निवडला होता.

ह्या प्रश्नांचे घराणे अमेरिकेतले आहे. तेथील विधी महाविद्यालयांच्या प्रवेशासाठी १९४८ पासून एलसॅट ही परीक्षा घेतली जाते. पूर्वी तिच्यात तर्ककोड्यांचा एक स्वतंत्र विभाग असे. ऑगस्ट २०२४ पासून तो काढून टाकण्यात आला. आता गुण मोजले जाणाऱ्या तीन विभागांपैकी दोन विभाग अशा छोट्या छोट्या युक्तिवादांच्या चिकित्सेचेच असतात. व्यवस्थापन शिक्षणाच्या जीमॅट ह्या परीक्षेतही ते आहेत. आपल्याकडे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची क्लॅट ही परीक्षा २००८ साली सुरू झाली आणि २०२० पासून ती उताऱ्यांवर आधारलेली झाली. तेव्हापासून हे प्रश्न आपल्याही दारात आले. सध्या दोन तासांत १२० प्रश्न सोडवायचे, आणि चुकलेल्या उत्तरामागे पाव गुण कापला जायचा. म्हणजे प्रत्येक प्रश्नाला एक मिनिट. एका मिनिटात मुलाने उतारा वाचायचा, कोण काय सिद्ध करू पाहत आहे हे ओळखायचे, आणि ते का सिद्ध होत नाही हे सांगायचे.

हा प्रश्न नेमके काय विचारतो, हे आधी स्पष्ट झाले पाहिजे. तो निष्कर्ष खरा आहे की खोटा हे विचारत नाही. दिलेली माहिती खरी आहे की खोटी हेही विचारत नाही; माहिती खरीच आहे असे धरून चालायचे असते. त्या माहितीवरून त्या निष्कर्षापर्यंत जी उडी मारली आहे, ती उडी जमिनीवर पोहोचते की मधल्या ओढ्यात पडते, एवढेच तो विचारतो. आमच्या मुलांची पहिली अडचण येथेच होते. सरपंचाचे विधान वाचताक्षणी त्यांच्या मनात त्यांचे स्वतःचे गाव उभे राहते. ‘साफ खोटे आहे हे,’ असे एक मुलगा उठून म्हणाला. त्याचे म्हणणे त्याच्या गावापुरते शंभर टक्के खरे असेल. पण त्या मुलाने निष्कर्षाशी भांडण केले. युक्तिवाद तसाच उभा राहिला. सरपंच म्हणेल, ‘तू तुझ्या गावचे सांगतोस, मी माझ्या गावचे सांगतो.’ आणि वाद तेथेच थांबेल, म्हणजे सरपंचाच्या सोयीच्या जागी थांबेल.

म्हणून मुलांना मी एक शिस्त लावली. पर्यायांकडे पाहायचेच नाही. ते हाताने झाका. आधी निष्कर्ष शोधा. तो नेहमी शेवटी नसतो, वरच्या उदाहरणात तो पहिल्याच वाक्यात आहे. मग विचारा, हे कशावरून? ‘तक्रार नाही’ ह्यावरून. आता स्वतःच्या शब्दांत, घरी बोलता त्या बोलीत सांगा की ह्यात फट कोठे आहे. एक मुलगी म्हणाली, ‘तक्रार करायला ठाण्यापर्यंत जावं लागतं, सर. आणि परत गावात यावं लागतं.’ ह्याहून नेमके उत्तर कोणत्या मार्गदर्शिकेत असेल असे मला वाटत नाही. तक्रार नसण्याची कारणे दोन असू शकतात: अन्याय नसणे आणि भय असणे. सरपंचाने दुसरी शक्यता विचारात घेतली नाही. हे एकदा आपल्या शब्दांत सांगून झाले, की मग पर्यायांवरचा हात काढायचा.

पर्याय तपासतानाही दोनच प्रश्न विचारायचे. हा पर्याय जे म्हणतो ते ह्या युक्तिवादात खरोखर घडले आहे काय? आणि घडले असेल तर त्यामुळेच निष्कर्ष डळमळतो काय? ‘ड’ पाहा. एका गावावरून राज्याविषयी बोलणे हा मोठा दोष आहे, परंतु सरपंच राज्याविषयी काही बोललेच नाहीत. न केलेल्या गुन्ह्याबद्दल त्यांना शिक्षा देता येत नाही. ‘ब’ मधील विधान सत्य आहे, पण सरपंच इतर गावांविषयी बोलत नसल्यामुळे त्या सत्याचा येथे उपयोग नाही. परीक्षा घेणारे हुशार असतात. खरे पण गैरलागू असा एक पर्याय ते आमच्यासारख्यांसाठी मुद्दाम ठेवतात, कारण खऱ्याकडे माणूस ओढला जातो. (आमच्यासारख्यांसाठी म्हणजे दलितांसाठी असे नव्हे; ज्याला त्या विषयात जीव गुंतवावा लागला आहे अशा कोणासाठीही.)

राहिला ‘अ’. येथे वर्गात खरे भांडण झाले. ‘सांगणारा कोण आहे हे बघायचंच नाही का, सर? मग आम्ही इतकी वर्षं काय वाचलं?’ एका मुलाने विचारले. प्रश्न रास्त होता. सत्ताधारी वर्गाचे विचार त्याच्या हितसंबंधांतून येतात हे आपण फुल्यांपासून शिकत आलो आहोत. मी दोन दिवस उत्तर दिले नाही, कारण माझ्यापाशी ते नव्हते. नंतर जे सुचले ते असे. माणूस साक्ष देतो तेव्हा तो कोण आहे हे बघितलेच पाहिजे. सरपंच म्हणाले असते, ‘मी पाहिले आहे, आमच्या गावात भेद नाही,’ तर ती साक्ष झाली असती आणि तुझे डोळे कोठे आणि कोणत्या ओट्यावरून पाहत होते, हे विचारणे आपला हक्क ठरला असता. पण त्यांनी साक्ष दिली नाही, कारण दिले. कारणाला जात नसते. तेच कारण उद्या आपल्यापैकीच कोणी, गावच्या राजकारणात सोय म्हणून, पुढे केले तर? सांगणारा आपला आहे म्हणून फट बुजेल काय? ‘अ’ निवडणाऱ्याला त्या दिवशी काही बोलता येणार नाही. ‘क’ निवडणारा दोन्ही दिवशी बोलू शकेल.

हे शास्त्र आपल्याला परके आहे असे कोणी समजू नये. न्यायसूत्रांत सोळा पदार्थ सांगितले आहेत. त्यांत पाच हेत्वाभास, तीन प्रकारचे छल आणि चोवीस प्रकारच्या ‘जाती’ येतात. होय, ‘जाती’. केवळ वरवरच्या साम्यावर किंवा भेदावर आधारलेल्या पोकळ प्रत्युत्तराला त्या शास्त्रात जाती म्हणतात. मी हे प्रथम वाचले तेव्हा बराच वेळ हसत बसलो होतो. छलाचे जुने उदाहरणही मुलांना आवडले: एकजण म्हणतो, ह्या मुलापाशी नव कंबल आहे, म्हणजे नवे घोंगडे, दुसरा म्हणतो, कोठे आहेत नऊ? एकच तर दिसते. शब्द एक, अर्थ दोन, आणि मधल्या मधे अर्थ बदलून टाकायचा. ही विद्या ह्या देशात होती. ती कोणाला वापरू दिली गेली, हा वेगळा प्रश्न आहे. हेतुशास्त्राचा आधार घेऊन श्रुतिस्मृतींचा अवमान करणाऱ्या द्विजाला सज्जनांनी बहिष्कृत करावे, असे मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात आहे. द्विजाची ही कथा. शूद्राला शास्त्रच नव्हते.

परंतु ज्यांनी ती बंदी मानली नाही त्यांची परंपरा आपली आहे. मज्झिम निकायात अस्सलायन नावाच्या सोळा वर्षांच्या ब्राह्मण मुलाशी बुद्धाचा संवाद आहे. ब्राह्मणच श्रेष्ठ, कारण ते ब्रह्म्याच्या मुखातून जन्मले, असे तो मुलगा सांगतो. बुद्ध त्याच्या हेतूंवर शंका घेत नाहीत, त्याच्या कुळाचा उद्धार करीत नाहीत. ब्राह्मणांच्या स्त्रिया ऋतुमती होतात, गर्भार राहतात, बाळंत होतात, मुलांना पाजतात, हे दिसते ना? असे विचारतात. मग यवन आणि कांबोज देशांत धनी आणि दास असे दोनच वर्ण असतात आणि धनी दास होतो, दास धनी होतो, हे तू ऐकले आहेस काय? म्हणजे चार वर्ण हा सृष्टीचा नियम असल्याचे जे सांगितले जाते, त्याला उभ्या जगातले विरुद्ध उदाहरण. शतकानुशतकांनंतर धर्मकीर्तीने जातीच्या गर्वाची गणना बुद्धी नष्ट झाल्याच्या पाच खुणांत केली. तो तर्कशास्त्रज्ञ होता, हे येथे महत्त्वाचे आहे.

आणि बाबासाहेब. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले आणि न झालेले १९३६ चे भाषण, ‘जातिप्रथेचे निर्मूलन’, मी वर्गात दोषचिकित्सेचा नमुना म्हणून वाचून घेतले. जातीच्या समर्थकांचा युक्तिवाद असा होता की, प्रत्येक सुधारलेल्या समाजाला श्रमविभागणी लागते. जातिव्यवस्था म्हणजे श्रमविभागणी. म्हणून तीत गैर काही नाही. आमच्या वर्गातील पहिली प्रतिक्रिया ‘श्रमविभागणी कशाला हवी?’ अशी होती. म्हणजे पुन्हा चुकीच्या ठिकाणी घाव. बाबासाहेब पहिले विधान मान्य करतात. सुधारलेल्या समाजाला श्रमविभागणी लागते, ह्यात शंका नाही. त्यांचा घाव ‘म्हणजे’ ह्या शब्दावर पडतो. जात ही श्रमाची विभागणी नव्हे, ती श्रमिकांची विभागणी आहे. त्यातही ही विभागणी एकावर एक रचलेली आहे, आणि ती माणसाच्या आवडीवर किंवा कुवतीवर उभी नाही. दोन वेगळ्या वस्तूंना एकच नाव देऊन एकीचे पुण्य दुसरीच्या खात्यावर टाकले होते. तो नवकंबलाचाच प्रकार झाला. ह्या पद्धतीचा फायदा असा की, प्रतिपक्षाला परत जायला वाट राहत नाही. त्याची सगळी माहिती मान्य करूनही त्याचा निष्कर्ष पडतो.

आता ज्या देशातून हे प्रश्न आले त्या देशाकडे पुन्हा वळू. पहिल्या महायुद्धात अमेरिकन लष्कराने सतरा लाखांच्या आसपास माणसांच्या बुद्धिचाचण्या घेतल्या. त्यांतील काही प्रश्न मोठे मासलेवाईक होते. क्रिस्को म्हणजे काय: औषध, जंतुनाशक, दंतमंजन की खाद्यपदार्थ? ख्रिस्टी मॅथ्युसन कशासाठी प्रसिद्ध आहे? (तो बेसबॉल खेळत असे.) इटलीहून किंवा पोलंडहून नुकत्याच उतरलेल्या मजुराला हे विचारायचे आणि उत्तर आले नाही की त्याची बुद्धी कमी ठरवायची. प्रिन्स्टन विद्यापीठातील कार्ल ब्रिगॅम ह्या मानसशास्त्रज्ञाने १९२३ साली ह्या आकड्यांवर ग्रंथ लिहिला. त्याला असे आढळले की, जे परदेशी लोक अमेरिकेत अधिक वर्षे राहिले त्यांचे गुण अधिक आहेत. कोणीही म्हणेल, अधिक वर्षे राहिले म्हणून भाषा आणि रीतभात अधिक कळली. ब्रिगॅमने निष्कर्ष काढला तो असा की, पूर्वी येणारे लोक उत्तर युरोपातील श्रेष्ठ वंशाचे होते आणि नंतर येणारे दक्षिण व पूर्व युरोपातील कनिष्ठ रक्ताचे. १९२४ साली अमेरिकेने ह्याच लोकांच्या येण्यावर कडक मर्यादा घालणारा कायदा केला. आणि १९२६ साली जी सॅट ही प्रवेशपरीक्षा सुरू झाली, ती तयार करणाऱ्या समितीचा प्रमुख हाच ब्रिगॅम होता.

म्हणजे प्रवेशपरीक्षांच्या ह्या सगळ्या कारखान्याचा एक संस्थापक, ‘दुसरे कारण शक्य असताना एकाच कारणाचा पुरस्कार’ ह्या प्राथमिक दोषात सापडलेला आहे. आजच्या विद्यार्थ्याने हे केले तर त्याचा पाव गुण कापला जातो. ब्रिगॅमच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे: १९३० साली त्याने जाहीरपणे आपले विवेचन निराधार असल्याचे कबूल केले. तोवर कायदा होऊन सहा वर्षे झाली होती.

त्याच्या आधीच, जून १९२४ मध्ये, ड्यू बॉइस संपादित करीत असलेल्या ‘द क्रायसिस’ ह्या मासिकात हॉरेस मान बाँड ह्या काळ्या तरुणाने ह्या चाचण्यांच्या प्रचारकी वापरावर लेख लिहिला होता. तो तेव्हा विशीच्याही आत होता. चाचणीत दिसते ते शिक्षण आणि परिस्थिती, रक्त नव्हे, हा त्याचा मुद्दा. पुढे १९४३ साली रूथ बेनेडिक्ट आणि जीन वेल्टफिश ह्यांनी आपल्या पुस्तिकेत लष्कराचेच आकडे छापले: मिसिसिपीतील गोऱ्यांचे मध्यक गुण ४१.२५, ओहायोतील काळ्यांचे ४९.५०. अमेरिकेच्या लोकसभेतून ओरड झाली आणि लष्कराने पुस्तिकेचे वाटप थांबवले. येथेही मी मुलांना थांबवले, कारण वर्गात टाळ्या पडल्या. ह्या दोन आकड्यांनी काय सिद्ध होते? काळे गोऱ्यांहून हुशार, असे? तसे म्हणणारा ब्रिगॅमच्याच बाकावर जाऊन बसेल. गुणांतील फरकाचे स्पष्टीकरण वंशाने होते हे म्हणणे टिकत नाही, एवढेच सिद्ध होते. तेवढे पुरेसे आहे.

हे अमेरिकेतले झाले. आपल्याकडे तेच वाक्य ‘गुणवत्ता’ ह्या शब्दावर चालते. प्रवेशपरीक्षेतील गुण म्हणजे गुणवत्ता. राखीव जागेवरच्या विद्यार्थ्याचे गुण कमी. म्हणून राखीव जागांमुळे गुणवत्ता घसरते. नवकंबल पुन्हा आले. एका दिवसाच्या परीक्षेतील आकडा आणि पुढील चाळीस वर्षांच्या कामाची लायकी ह्यांना एकच नाव दिले आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मधील नील ऑरेलिओ नुनेस प्रकरणात हा भेद स्पष्ट केला आहे. परीक्षेतील गुण हे गुणवत्तेचे संपूर्ण माप नव्हे. ह्यावर अधिक लिहीत नाही. वाचकांना हा युक्तिवाद पाठ आहे.

मात्र न्यायालयाच्याच संदर्भात एका गोष्टीवर थांबले पाहिजे. २० मार्च २०१८ रोजी महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने ॲट्रॉसिटी कायद्याच्या गैरवापराची चिंता व्यक्त करून गुन्हा नोंदण्यापूर्वी प्राथमिक चौकशी आणि अटकेपूर्वी परवानगी असे निर्देश दिले. २ एप्रिलचा भारत बंद आणि त्यात गेलेले जीव आपण विसरलेलो नाही. त्याच वर्षी संसदेने कायद्यात दुरुस्ती केली, आणि १ ऑक्टोबर २०१९ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते निर्देश मागे घेतले; अनुसूचित जातिजमातींचे लोक एक वर्ग म्हणून कायद्याचा गैरवापर करतील असे गृहीत धरता येत नाही, असे त्या निर्णयात म्हटले आहे. त्या दीड वर्षात वर्तमानपत्रांतून आणि चहाच्या टपऱ्यांवरून जो युक्तिवाद ऐकू आला तो असा: ह्या कायद्याखालील बहुसंख्य खटल्यांत आरोपी सुटतात, म्हणून बहुसंख्य तक्रारी खोट्या असतात.

आरोपी सुटला म्हणजे आरोप सिद्ध झाला नाही. आरोप खोटा ठरला असे नव्हे. साक्षीदार फुटला, पंच गावचाच होता, तपास योग्य दर्जाच्या अधिकाऱ्याने केला नाही, जातीचा दाखला वेळेत जोडला नाही, खटला वर्षानुवर्षे रेंगाळला आणि फिर्यादी शहरात निघून गेला. अशा कितीतरी वाटांनी आरोपी सुटतो. आता हा युक्तिवाद आमच्या सरपंचाच्या युक्तिवादाशेजारी ठेवून पाहा. तक्रार झाली नाही, म्हणून अन्याय नाही. तक्रार झाली आणि आरोपी सुटला, म्हणून तक्रार खोटी. दोन्ही एकाच तोंडातून येतात. ज्या विधानाच्या विरुद्ध कोणताही पुरावा पुरावा म्हणून कधी उभाच राहू शकत नाही, ते विधान पुराव्यावर उभे नसते. वर्गात हे माझ्या तोंडून निघाले तेव्हा पहिल्या दिवशी ‘साफ खोटे आहे’ म्हणणारा मुलगा वहीत लिहून घेत होता.

हत्यार हाती आले की ते आपल्या घरातही फिरवून पाहावे लागते. दलित साहित्याच्या चर्चेत एक युक्तिवाद आपण वर्षानुवर्षे करीत आलो आहोत. दलित जीवनाच्या अनुभवावाचून दलित साहित्य लिहिता येत नाही. हे क्षणभर मान्य करू. पण त्यावरून आपण पुढे जे म्हणतो, की अमुक लेखकाला तो अनुभव आहे, म्हणून त्याचे लेखन दलित साहित्य आहे, ते निष्पन्न होत नाही. जे आवश्यक आहे ते पुरेसे आहे असे आपण धरतो. पेरणीवाचून पीक येत नाही. पण पेरले म्हणजे आलेच असे शेतकरी म्हणत नाही. ह्या एका चुकीमुळे आपल्या समीक्षेने कितीतरी सामान्य कविता केवळ कवीच्या जन्मावर उत्तीर्ण केल्या, आणि ज्या कवितांनी अनुभवाचा विचार केला, त्याला जाणिवेत रूपांतरित केले, त्यांच्याविषयी वेगळे काही बोलण्यासाठी आपल्यापाशी शब्दच उरले नाहीत. प्रस्थापित समीक्षकांची चूक निराळी आहे. ‘साहित्य वैश्विक असते, हे साहित्य एका समाजाचे आहे, म्हणून ते मर्यादित आहे,’ असे म्हणताना ते ज्याला वैश्विक म्हणतात तेही एका समाजाचेच असते, फक्त त्या समाजाचे नाव घेण्याची त्यांना गरज पडत नाही. त्यांची चूक दाखवणे सोपे आहे आणि आपण ती पुष्कळदा दाखवली आहे.

माझी स्वतःची चूक मला एका विद्यार्थिनीने दाखवली. काही वर्षांपूर्वी एका सवर्ण लेखकाच्या ग्रामीण कादंबरीवर मी परीक्षण लिहिले होते. ग्रंथालयातील जुने अंक चाळताना ते तिच्या हाती पडले. वर्ग संपल्यावर ती थांबली आणि दबल्या आवाजात म्हणाली, ‘सर, रागावू नका. पण हे आपलं पर्याय अ झालं ना?’ मी परत वाचले. सहा पानांच्या परीक्षणात मी एवढेच म्हटले होते की, लेखक वाड्यातला आहे, म्हणून त्याने रंगवलेला महारवाडा खोटा आहे. कादंबरीतील एका वाक्याचाही आधार दिला नव्हता. मला ती कादंबरी आजही खोटी वाटते. पण तसे वाटण्याचे कारण पुस्तकाच्या आत आहे. तिच्यातील दलित माणसे कोणी विचारल्याखेरीज बोलत नाहीत. त्यांच्या प्रत्येक कृतीची सुरुवात वाड्यातल्या कोणाच्या तरी हुकमाने होते. त्यांच्या घरात दोघेच असताना काय बोलणे होते ते लेखकाने तीनशे पानांत एकदाही लिहिलेले नाही. हे मी तेव्हा लिहिले असते तर लेखकाच्या चाहत्यांना उत्तर द्यावे लागले असते. मी लेखकाच्या वाड्याकडे बोट दाखवले आणि त्यांची सुटका केली.

भाषेविषयी एक तक्रार नोंदवून ठेवतो. क्लॅट ही परीक्षा इंग्रजीतच होते. दोषाच्या प्रश्नातील पर्याय तर अशा भाषेत असतात की इंग्रजी माध्यमाचा मुलगाही दोनदा वाचेल: युक्तिवाद एका आवश्यक अटीला पुरेशी अट समजतो, किंवा जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरतो. त्यात नाव नाही, गाव नाही. आमची मुले येथे थबकतात आणि त्यांना वाटते की आपल्याला तर्क येत नाही. तर्क येतो, वाक्य येत नाही. ह्यावर मला एकच उपाय सापडला. पर्यायातील प्रत्येक मोघम शब्दाच्या जागी उताऱ्यातील वस्तू ठेवायची. ‘आवश्यक अट’ म्हणजे पेरणी, ‘परिणाम’ म्हणजे पीक. वस्तू बसली नाही तर पर्याय चुकीचा. शिष्यवृत्तीचा शासन निर्णय वाचताना ही मुले हेच करतात. ‘सदर योजनेंतर्गत पात्र लाभार्थी’ म्हणजे मी की मी नाही, हे शोधून काढल्यावाचून त्यांचे शिक्षण येथवर आलेच नसते. तेव्हा ही कसरत त्यांना नवी नाही, हे एकदा लक्षात आणून दिले की भीती निम्मी होते.

शेवटच्या आठवड्यात मी त्यांना स्वतःचे प्रश्न रचायला सांगितले. बहुतेकांनी पुस्तकी उदाहरणे फिरवून लिहिली. पहिल्या दिवशी उठून भांडलेल्या मुलाने हा लिहून आणला: ‘आमच्या वस्तीला गावापेक्षा वेगळ्या टाकीतून पाणी येते. ग्रामसेवक म्हणतात, दोन्ही टाक्यांत पाणी एकाच विहिरीचे आहे, म्हणून पाण्याच्या बाबतीत भेदभाव नाही. ह्या युक्तिवादातील दोष कोणता?’ पर्याय त्याला लिहिता आले नव्हते, ते वर्गाने मिळून लिहिले. बराच वाद झाला. कोणी म्हणाले, ग्रामसेवक कोणत्या जातीचा आहे ते सांगितलेले नाही. त्यावर सगळा वर्ग हसला. अखेर त्या मुलीने सुचवलेले वाक्य बरोबर उत्तर म्हणून ठरले: पाणी एक आहे ह्यावरून वागणूक एक आहे असे धरले आहे, आणि पाणी एकच असेल तर टाक्या दोन कशासाठी, ह्याचे कारण दिलेले नाही.